पराभवाची पैसेवारी: भारतीय संघ स्पर्धेबाहेर पडल्यावर गावात चर्चा कशी चालवावी

भारताचा फुटबॉल संघ एखाद्या मोठ्या स्पर्धेतून बाहेर पडला की त्या रात्री गावातल्या मोबाइल गटांवर जे लिहिले जाते, ते दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाही वाचवत नाही. एका खेळाडूचे नाव पकडले जाते, त्याच्या आईवडिलांपर्यंत मजल जाते आणि चार दिवसांनी विषय कापसाच्या भावाकडे वळतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात फुटबॉल खेळणारी वीस-बावीस मुले आहेत आणि सामना पाहणारे त्याहून बरेच अधिक आहेत. त्यामुळे या रागाचे करायचे काय, हा प्रश्न शारीरिक शिक्षणाचा शिक्षक या नात्याने माझ्यासमोर वारंवार आला. त्यातून जी पद्धत बसत गेली ती येथे मांडतो. गावचे क्रीडा मंडळ, वाचनालय किंवा शाळा यांपैकी कोणालाही ती वापरता येईल. खर्च एक शंभर पानी वही, खडूचा डबा आणि बाटल्यांची बावीस झाकणे एवढाच आहे.

पद्धतीचा सांगाडा मी महसूल खात्याकडून उसना घेतला आहे. पिकाची पैसेवारी, म्हणजे हंगामात पीक किती आले याचा पैशांत मांडलेला सरकारी अंदाज, एका दिवसात ठरत नाही, हे कास्तकाराला सांगावे लागत नाही. आधी नजरअंदाज निघतो, मग सुधारित आकडा येतो आणि डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी जाहीर होते. धुऱ्यावर उभे राहून पऱ्हाटी हिरवी दिसते म्हणून कोणी साठ पैसे लिहीत नाही, लिहिलेच तर गाव भांडायला उठते. पराभवाचेही तसेच तीन टप्पे ठेवावेत. पहिल्या रात्री फक्त नोंद करावी, आठ दिवसांत तक्ता आणि सामने तपासून सुधारित मत बनवावे, आणि प्रशिक्षक, संघटना, देशातील फुटबॉलचे भवितव्य वगैरे मोठे विषय महिनाभरानंतरच्या अंतिम बैठकीसाठी ठेवावेत.

पहिली रात्र: फक्त नोंद

सामना संपल्यावर वहीत तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, निकाल आणि गोल झालेली मिनिटे लिहावीत. विशेषण एकही लिहू नये. कतारमध्ये जानेवारी 2024 मध्ये झालेल्या आशियाई चषकाचे आमच्या वहीतील पान असे आहे: 13 जानेवारी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध 0-2, गोल 50 आणि 73 व्या मिनिटाला; 18 जानेवारी, उझबेकिस्तानविरुद्ध 0-3, गोल 4 आणि 18 व्या मिनिटाला व तिसरा पूर्वार्धाच्या वाढीव वेळेत; 23 जानेवारी, सीरियाविरुद्ध 0-1, गोल 76 व्या मिनिटाला. तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल, सहा गोल खाल्ले. शेजारच्या रकान्यात त्या वेळची जागतिक क्रमवारी लिहिलेली आहे: भारत 102, ऑस्ट्रेलिया 25, उझबेकिस्तान 68, सीरिया 91.

एवढ्या चार ओळी कोरड्या वाटतात, पण पुढची सगळी चर्चा त्यांच्यावरच उभी राहते. क्रमवारीचा रकाना तर कधीच सोडू नये. पंचविसाव्या क्रमांकाच्या संघाकडून दोन गोलांनी हरणे आणि एक्याण्णवाव्या क्रमांकाच्या संघाकडून एका गोलाने हरणे यांत अधिक निराशाजनक काय, हे नुसत्या निकालावरून कळत नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पूर्वार्ध 0-0 राखणे ही त्या स्पर्धेतील भारताची चांगली कामगिरी होती, आणि ज्याच्याशी आपली खरोखर तुलना होऊ शकत होती तो सामना सीरियाचा होता. माझ्या मते संघाला जाब विचारायचा तो त्याच सामन्याचा विचारावा.

त्या रात्री मोबाइल गटावर काही लिहायचे नाही, असा आमच्या मंडळाचा नियम आहे. तो दर वेळी मोडला जातो. तरीही नियम ठेवावा, कारण मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वाचनालयात झाडू मारावा लागतो आणि वाचनालय त्यामुळे स्वच्छ राहते.

तक्त्याचा हिशेब

दुसऱ्या बैठकीत फळ्यावर गटाचा तक्ता काढावा. सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण गावातल्या बहुतेक वादांचा निकाल या एका तक्त्याने लागतो. संघ नेमका कधी बाहेर पडला आणि कोणत्या निकालाने वाचला असता, हे दोन प्रश्न मुलांना गणितासारखे सोडवायला द्यावेत.

सोपे उदाहरण 2027 च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचे आहे. गटात भारत, हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश असे चार संघ होते आणि केवळ गटविजेत्याला सौदी अरेबियातील मुख्य स्पर्धेचे तिकीट मिळणार होते. मार्च 2025 मध्ये शिलाँगला बांगलादेशाशी 0-0, जूनमध्ये हाँगकाँगमध्ये 0-1, ऑक्टोबरच्या 9 तारखेला सिंगापुरात 1-1 आणि 14 तारखेला गोव्यातील फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून 1-2 असा भारताचा प्रवास झाला. चार सामन्यांनंतर सिंगापूर आणि हाँगकाँग यांचे प्रत्येकी 8 गुण होते, भारत आणि बांगलादेश यांचे प्रत्येकी 2. मुलांना विचारावे की दोन सामने बाकी असताना भारत बाहेर कसा? भारताने दोन्ही सामने जिंकले तरी 8 गुणच होतात, आणि सिंगापूर व हाँगकाँग यांचा आपसात सामना बाकी असल्याने, त्याचा निकाल काहीही लागला तरी त्यांपैकी किमान एकाचे गुण 9 होणारच होते. सातवीतल्या मुलीने हे फळ्यावर मांडले तेव्हा पारावरून आलेले दोन काका पुन्हा पहिल्यापासून समजावून सांग म्हणाले.

मग दुसरा प्रश्न घ्यावा: हे गुण गेले कुठे? फातोर्ड्याच्या पराभवावर सगळा राग निघाला, पण तक्ता पाहिला तर पहिली गळती शिलाँगची दिसते. तेव्हा भारत क्रमवारीत 126 वा आणि बांगलादेश 185 वा होता, सामना आपल्या मैदानावर होता, आणि जेथे फक्त पहिल्या क्रमांकाला वाव होता तेथे आपण दोन गुण सुरुवातीलाच सोडून दिले. बांगलादेशाकडून त्या दिवशी इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळणारा हमझा चौधरी पहिल्यांदा उतरला होता, ही गोष्ट नोंदवावी, परंतु तिच्याआड लपू नये.

अवघड उदाहरण पुन्हा 2024 च्या आशियाई चषकाचे. त्या स्पर्धेत 24 संघ होते, सहा गटांतील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरील सर्वोत्तम चार संघ बाद फेरीत जाणार होते. पहिले दोन सामने हरल्यावर आमच्याकडे बहुतेकांनी ‘आता काय राहिले’ म्हणून सीरियाचा सामना सोडून दिला. तो संध्याकाळी पाच वाजता होता, तुरीची सवंगणी चालू होती, कापूस वेचून यायचा होता, त्यामुळे अनेकांनी तो वावरातच मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. स्पर्धा संपल्यावर आम्ही तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची यादी काढली. जॉर्डन आणि पॅलेस्टाइन यांचे 4 गुण होते, इंडोनेशियाचे 3, चीन आणि ओमान यांचे प्रत्येकी 2. भारताने सीरियाला हरवले असते तर त्याचे 3 गुण झाले असते, सीरिया 1 गुणावर अडकला असता, आणि इतर निकाल तसेच धरले तर गोलफरक उणे असूनही भारत चीन आणि ओमान यांच्या पुढे राहून बाद फेरीत गेला असता. पाच गोलांनी मागे असलेल्या संघाला एका गोलाचा विजय पुरला असता. प्रत्यक्षात तो एक गोल सीरियाने केला आणि तो देश इतिहासात प्रथमच बाद फेरीत पोहोचला. हा हिशेब फळ्यावर पूर्ण झाला तेव्हा वाचनालयात जी शांतता पसरली तशी ती सामना हरल्याच्या रात्रीही नव्हती.

पंचाची चूक झाली असेल तर तिचाही हिशेब असाच करावा. दोहा येथे 11 जून 2024 रोजी विश्वचषक पात्रता फेरीत कतारविरुद्ध भारत आपल्या लालियनझुआला छांगटेच्या गोलाने पुढे होता. 73 व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना कतारच्या एका खेळाडूने तो आत ओढला, दुसऱ्याने गोल केला आणि पंचांनी तो मान्य केला. पुढे 85 व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि भारत 1-2 असा हरला. अन्याय खराच होता, तो नाकारण्याचे कारण नाही, आणि विजय मिळाला असता तर भारत पुढच्या फेरीत गेला असता हेही खरे आहे. परंतु गटात भारताचे शेवटी 5 गुण होते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कुवेतचे 7. त्याच वर्षी 26 मार्चला गुवाहाटीत, सुनील छेत्रीच्या दीडशेव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, त्याने पेनल्टीवर केलेल्या गोलाची आघाडी घालवून भारत अफगाणिस्तानकडून 1-2 असा हरला होता. तो सामना जिंकला असता तर 8 गुण झाले असते आणि कतारविरुद्धचा तो गोल मान्य होऊनही आपण पुढे गेलो असतो. मुलांनी हे दोन्ही परिच्छेद एकाच पानावर, एकाखाली एक लिहावेत. एकाने दुसरा खोडला जात नाही.

गोलाच्या मागे जाणे

तिसऱ्या बैठकीला झाकणे लागतात. वाचनालयाच्या ओसरीच्या कोब्यावर खडूने मैदान आखावे, भारतासाठी निळी झाकणे आणि समोरच्या संघासाठी पांढरी घ्यावीत, चेंडू म्हणून चिंचोका ठेवावा. मोबाइलवर गोलाचा तुकडा लावून गोल होण्याच्या क्षणी तो थांबवावा, झाकणे तशी मांडावीत, आणि मग तुकडा दहा सेकंद मागे नेऊन झाकणे पुन्हा मांडावीत. पडद्यावर न दिसणारे खेळाडू मांडू नयेत. अंदाजाने ठेवलेले झाकण पाच मिनिटांत ‘पुरावा’ होते, असा आमचा अनुभव आहे.

ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिला गोल आम्ही असा मांडला. क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू पुढे आला, त्याच्या हाताला लागून चेंडू जॅक्सन इर्विनसमोर पडला आणि त्याने तो जाळ्यात घातला. आमचा नववीतला गोलकीपर लगेच म्हणाला, “सर, बॉल पकडाले पाहिजे होता ना त्यानं?” मी त्याला झाकणे दहा सेकंद मागे न्यायला सांगितले. मग दुसऱ्या मुलाने विचारले की क्रॉस येऊ कसा दिला, तिसऱ्याने विचारले की चेंडू पडला तिथे निळे झाकण वेळेत का पोचले नाही. पाऊण तासाने एका गोलाखाली चार प्रश्न लिहिलेले होते आणि गोलकीपरचे नाव त्यांतील एकाच प्रश्नात होते. त्याची चूक नव्हती असे कोणी म्हणाले नाही. ओसरीच्या कडेला बसलेले एक आजोबा मात्र वैतागून म्हणाले, “एक बी गोल नाही केला, अन् बोंब गोलकीपरच्या नावानं?” त्यांचे म्हणणे पुढच्या बैठकीसाठी वहीत उतरवून घेतले.

शेवटच्या मिनिटाची पेनल्टी हा या बैठकीतील सर्वांत नाजूक विषय आहे आणि त्यासाठी दोन सामने शेजारी ठेवावेत. शारजा येथे 14 जानेवारी 2019 रोजी आशियाई चषकात बहरीनविरुद्ध भारताला केवळ बरोबरी पुरत होती. आधी थायलंडला 4-1 ने हरवल्यामुळे तीन गुण गाठीशी होते आणि त्याच संध्याकाळचा यजमान संयुक्त अरब अमिराती व थायलंड यांचा सामना 1-1 असा सुटला. नव्वद मिनिटे 0-0 राहिल्यावर वाढीव वेळेत पेनल्टी गेली, जमाल रशीदने ती मारली आणि भारत गटात दुसऱ्या स्थानावरून थेट चौथ्या स्थानावर घसरून बाहेर पडला. दुसरा सामना 10 जून 2025 चा, हाँगकाँगमधला. तेथेही 0-0 असताना वाढीव वेळेच्या चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर गोल झाला.

दोन्ही गोल कागदावर सारखे दिसतात, पण वहीत ते वेगवेगळ्या रकान्यांत जायला हवेत. शारजात भारत गोल टाळायला खेळत होता आणि हिशेबाने ते चूक नव्हते. प्रश्न विचारायचा तो हा, की संपूर्ण उत्तरार्ध मागे सरकत राहिल्याने बहरीनला आपल्या गोलसमोर किती वेळा यायला मिळाले. फाउल एका खेळाडूने केला, पण तो ज्या ठिकाणी करावा लागला त्या ठिकाणी खेळ कोणी आणला? हाँगकाँगमध्ये मात्र बरोबरीचा फारसा उपयोग नव्हता, गटविजेते व्हायचे तर गोल करायलाच हवा होता, आणि तो पेनल्टीपूर्वीच्या नव्वद मिनिटांत झाला नाही. तेथे पेनल्टीने पराभव दिला. पात्रतेचा घास त्याआधीच निसटत चालला होता.

मला या विषयात थोडी वैयक्तिक खोडही आहे, ती सांगून टाकतो. शिकत असताना तालुक्याच्या एका स्पर्धेत मी गोलकीपर होतो आणि शेवटच्या मिनिटाला माझ्या हातून पेनल्टी गेली. आमच्या संघाने त्या सामन्यात गोलच्या दिशेने एकही फटका मारलेला नव्हता, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. माझे नाव मात्र पुढची दोन वर्षे ‘पेनल्टी’ असेच पडले, आणि बाजाराच्या दिवशी लोक त्याच नावाने हाक मारत. त्यामुळे बैठकीत कोणी खेळाडूला टोपणनाव दिले की मी ते फळ्यावर लिहू देत नाही.

आमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेला माणूस ही गोष्ट पटकन समजतो. जोडी सेकंदाच्या काही भागाने मागे पडली तर जाणकार शेवटच्या उडीवर बोलत नाहीत, जोडी सुटली कशी आणि ती हाकणाऱ्या धुरकऱ्याने मध्ये काय केले याच्यावर बोलतात. तीच मंडळी फुटबॉल पाहायला बसली की शेवटच्या उडीवर येतात, याचे मला नवल वाटते.

शून्याचा शोध

खाल्लेल्या गोलांचे तुकडे मोबाइलवर मिळतात, न झालेल्या गोलांचे मिळत नाहीत. म्हणून हे काम सामना चालू असतानाच करावे लागते. एका मुलाकडे वही द्यावी, तिच्यात समोरच्या संघाचा पेनल्टी भाग आखून घ्यावा, आणि आपल्या संघाने फटका मारला की ज्या जागेवरून मारला तेथे ठिपका द्यावा. फटका गोलच्या चौकटीत गेला तर ठिपक्याभोवती गोल करावा, बचावपटूने अडवला तर काट मारावी. चेंडू पेनल्टी भागात नुसता पोहोचला तरी कडेला एक काडी ओढावी आणि पाच काड्या झाल्या की आडवी रेघ मारावी, जशी कापसाची गाठोडी मोजताना मारतात. सामना संपल्यावर काड्या पुष्कळ आणि ठिपके थोडे असतील तर आत जाऊन अडचण होते आहे. काड्याच नसतील तर मधल्या फळीपासूनच चेंडू पुढे जात नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांवरचे सरावही वेगळे आहेत.

एका सामन्याच्या शून्यावरून निष्कर्ष काढू नये, शून्यांची रांग पाहावी. जानेवारी 2024 मधील तीन सामने, मार्चमध्ये सौदी अरेबियात अफगाणिस्तानविरुद्ध 0-0, जूनमध्ये छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कोलकात्यात कुवेतविरुद्ध 0-0, पुढच्या वर्षी शिलाँगला बांगलादेशाविरुद्ध 0-0, हाँगकाँगमध्ये 0-1. अशी रांग दिसली की प्रश्न एका आघाडीपटूच्या दिवसाचा राहत नाही. छेत्रीने 94 आंतरराष्ट्रीय गोलांवर निवृत्ती घेतली आणि मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावे लागले. मालदीवविरुद्ध गोल करून त्याने आकडा 95 वर नेलाही. हे त्याच्या कौतुकाचे आहे, पण त्याच्या मागे उभा राहील असा गोल करणारा देशाला सापडला नाही, हेही त्याच ओळीत वाचावे लागते.

त्याचे एक कारण मुलांना सहज दाखवता येते. इंडियन सुपर लीगमध्ये 2021-22 च्या हंगामापासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात ठेवण्याची मुभा होती आणि बहुतेक क्लब त्यांपैकी किमान एक जागा आघाडीपटूला देत आले. क्लबचे चुकत नाही, त्यांना सामना जिंकायचा असतो. परंतु नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य आघाडीपटूच्या जागेवर भारतीय मुलाला खेळायलाच कमी मिळाले तर राष्ट्रीय संघात तो अचानक तयार होऊन येणार नाही. लीगचा कोणताही एक सामना लावावा आणि आघाडीला कोण खेळतो आहे ते मुलांनी स्वतः लिहून काढावे. तयारीच्या दिवसांचा मुद्दाही येथेच घ्यावा: 2024 च्या आशियाई चषकाआधी लीग डिसेंबरअखेरपर्यंत चालली आणि संघाला एकत्र सरावासाठी सुमारे दोन आठवडेच मिळाले. अन्वर अली, जिक्सन सिंग आणि आशिक कुरुनियन हे तिघे दुखापतीमुळे नव्हते, तेही नोंदवावे, पण कारणांच्या यादीत ते खालच्या बाजूला ठेवावे, कारण दुखापती सगळ्यांनाच होतात.

प्रशिक्षकाचा विषय

हा विषय महिनाभर पुढे ढकलावा असे मी सुरुवातीला म्हटले आहे. 2019 मध्ये बाहेर पडताच स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी राजीनामा दिला, इगोर स्टिमाक यांना जून 2024 मध्ये काढण्यात आले, मानोलो मार्केझ जुलै 2025 मध्ये गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. अंतिम बैठकीत ही चार नावे एका खाली एक लिहून, प्रत्येकाच्या काळातील शून्य गोलांचे सामने समोर लिहावेत आणि मग ज्याला जे बोलायचे ते बोलू द्यावे. बैठक लांबते, पण ऐकण्यासारखी होते.

मुलांची बैठक

मोठ्यांच्या आणि मुलांच्या बैठका वेगळ्या ठेवाव्यात. मोठ्यांसमोर मुले बोलत नाहीत आणि मुलांसमोर मोठे जरा जास्तच बोलतात. वेळ रात्री साडेसातच्या पुढची ठेवू नये, कारण हिवाळ्यात हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायला अनेकांना रात्री वावरात जावे लागते आणि थ्री फेज लाइन कोणाच्या बैठकीसाठी थांबत नाही.

बारा वर्षांखालील मुलांना तक्ते दाखवू नयेत. त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावर, म्हणजे गावची जनावरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, जाऊन फक्त क्रॉस थोपवण्याचा आणि पडलेल्या चेंडूवर आधी पोचण्याचा खेळ घ्यावा. चौघांनी बाजूने चेंडू उचलून द्यावा, गोलकीपरने तो ठोसा मारून बाहेर काढावा, आणि बाकीच्यांनी तो जेथे पडेल तेथे धावावे. पंधरा मिनिटे पुरतात. त्यानंतर ऑस्ट्रेलियाचा तो गोल पुन्हा दाखवला की सहावीतली मुलेही गोलकीपरऐवजी मोकळ्या जागेकडे बोट दाखवतात. जनावरे आखरावर जमण्याच्या आत खेळ आटपावा, नाहीतर राखणदाराशी वाद होतो.

आपल्या भागात फुटबॉल म्हटले की नागपूर आणि कामठीच आठवते, आणि तेथील मैदानांची परंपरा मोठी आहेच. खेड्यातल्या मुलांना मात्र ‘आपण कुठे आणि इंडिया कुठे’ असे वाटून सगळी चर्चा परकी वाटू शकते. त्यासाठी विजय बारसे यांचे उदाहरण सांगावे. नागपूरच्या महाविद्यालयात क्रीडा शिक्षक असताना त्यांनी झोपडपट्टीतील मुलांना पावसात खेळताना पाहिले आणि 2001 पासून त्यांच्यासाठी फुटबॉल उभा केला. त्यांची मुले पुढे बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली.

फळ्यावरचा मजकूर

सुधारित मत शेवटी वाचनालयाच्या फळ्यावर लिहावे, तेही दहा ओळींपेक्षा जास्त नको. प्रत्येक वाक्यात तारीख, आकडा किंवा मिनिट असावे आणि ज्या वाक्यात यांपैकी काहीच नाही ते पुसावे. ‘गोलकीपरमुळे हरलो’ असे लिहू नये. ‘50 व्या मिनिटाला क्रॉसवर चेंडू हातातून सुटला, तो ज्या जागी पडला तेथे आपला खेळाडू वेळेत पोचला नाही’ असे लिहावे. ‘आपल्याला नशिबाने साथ दिली नाही’ याऐवजी ‘सीरियाविरुद्ध एका गोलाचा विजय पुरला असता, 270 मिनिटांत एकही गोल झाला नाही’ असे लिहावे. ‘लाज वाटते’ हे वाक्य कोणीतरी रात्री गुपचूप लिहून जातो. ते पुसावे, पण लिहिणाऱ्याचा शोध घेऊ नये.

फळ्यावरचा मजकूर आठ दिवस ठेवून वहीत उतरवावा आणि त्याच्यासमोरचे पान कोरे सोडावे. महिन्यानंतरचे अंतिम मत त्या पानावर येते. आमच्या वहीत 2024 च्या आशियाई चषकाचे नजरअंदाजाचे पान नोंदीखाली, नियम मोडून, गोलकीपरच्या नावाने भरलेले आहे, सुधारित पानावर सीरियाच्या सामन्याचा हिशेब आहे, आणि अंतिम पानावर पंधरा जणांच्या सह्यांसह आघाडीपटूंचा प्रश्न लिहिलेला आहे. पेन बदलल्याने शाईचा रंगही तिन्ही पानांवर वेगळा आहे.